डावा काठ

नदीचा डावा काठ कुठला, हे ठरवायचं तर
नदी जाते तिकडं तोंड करून उभं राहायचं.
मोजणी खात्यात लागले त्या आठवड्यात
हे शिकवलं होतं मला.
नदी जात नसेल तर काय करायचं,
ते मी विचारलं नाही.

मार्चची दुपार, बावधनचा पूल,
पुलाखाली मी आणि रखमाजी चोंधे.
त्याच्या खांद्यावर टेप,
माझ्याकडं गावनकाशाची झेरॉक्स,
घडीवर नेमकी रामनदीच फाटलेली.
पाणी आहे. काळपट, कडेला साबणाचा फेस.
उभंच आहे.

रखमाजी कडुनिंबाचं पान टाकतो.
पान जरा वेळ तिथंच फिरतं,
मग वाऱ्याबरोबर उगमाकडं सरकायला लागतं.
"मॅडम, ही घरी निघाली," रखमाजी म्हणतो.

घर म्हणजे खाटपेवाडीच्या वरचा डोंगर.
तिथं ती एका ढांगेची आहे,
शेळीसुद्धा न थांबता ओलांडते.
मग भुकूम, मग भूगावचं तळं,
तळ्यात बसून ती थोडी रुंद होते,
बाहेर पडते ती अंग चोरूनच.
पुढं बावधन, पाषाण,
सोमेश्वरवाडीत देवळाला वळसा,
बाणेर, आणि औंधाच्या अंगाला मुळा.
जेमतेम पाच कोसांचा संसार.
पश्चिमेचा समुद्र डोंगरापलीकडं असताना
ही पूर्वेच्या समुद्राला निघते
आणि वाटेत चार वेळा नाव खाली ठेवते.
मुळेत राम, मुठेपाशी थोडी मुळा,
भीमेत दोन्ही,
कृष्णेत तर भीमासुद्धा.

आमच्या कागदांत तिला तेवढंही जावं लागत नाही.
गावनकाशात ती ओढा,
आराखड्यात नाला,
रहिवाशांच्या अर्जात गटार, "दुर्गंधीयुक्त".
पूर आला त्या रात्री मात्र
गच्चीवर उभ्या सगळ्यांनी तिला नदीच म्हटलं.

नदी लिहिलं तर जास्त जागा सोडावी लागते,
नाला लिहिलं तर कमी.
शब्दालाही चौरस फुटाचा भाव असतो इथं.

सोसायटीच्या फाटकावर वॉचमन आहे, गणपत भिसे.
"नदी? नाही बा. मागं नाला आहे."
गाव कुठलं तुमचं?
"मांजराकाठचं."
पाणी असतं का?
"कशाचं पाणी! दिवाळीनंतर नुसती वाळू.
पोरं क्रिकेट खेळतात."
मग तिला काय म्हणता?
तो माझ्याकडं बघतो,
शिकलेली बाई असं कसं विचारते म्हणून.
"नदीच की."

फॉर्मवर छापलंय: नदी / नाला,
लागू नसेल ते खोडा.
मी एक शब्द खोडला. पेन जरा जोरात दाबलं गेलं.
संध्याकाळी साहेब तो परत लिहितील,
त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

रकाना सात राहिलाय. डावा काठ, उजवा काठ.
रखमाजी सांगतो, भूगावला असताना
मासा बघून कळायचं.
मासा धारेकडं तोंड करून उभा राहतो,
त्याची शेपटी तिकडं नदीचा रस्ता.
मासा शोधायला तो वाकतोसुद्धा.
फेस, चपलेचा अंगठा, नारळ.

मग माझी नजर खांबावर जाते.
खांबाला एका बाजूनं
गेल्या पावसाळ्यातली साडी गुंडाळलेली,
मूळचा रंग कळत नाही,
तिच्यात काटक्या, केस, दुधाच्या पिशव्या.
दुसरी बाजू स्वच्छ.
म्हणजे ती इकडून आली होती.
रखमाजी टेप वर धरतो:
साडी माझ्या डोक्याच्या वर सव्वा हात.

मी साडीकडं पाठ केली
आणि बाजू चुकू नये म्हणून
लहान मुलं करतात तसा डावा हात पुढं काढला.
बोटाच्या सरळ रेषेत
पार्किंग होतं. बी विंग.
एक बाई गाडीतून कलिंगड उतरवत होती.

"लिहू?" रखमाजीनं विचारलं.
लिही, म्हटलं. डावा.